नोकरी, खासगी आयुष्य आणि कायदा

सन २०१० च्या फेब्रुवारी महिन्यांत अलीगढ मुस्लिम विद्यापीठांतील मराठीचे प्राध्यापक डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस यांच्या राहत्या घरांत कांहीं इसम कॅमेरा घेऊन घुसले. डॉ. सिरस मूळचे नागपूरचे, मराठींतील कवि, आणि त्या विद्यापीठांत आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. ते आपल्या घरीं एका पुरुषासमवेत होते, एवढाच त्यांचा अपराध! विद्यापीठानें गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्यांना निलंबित केलें व राहतें घरहि सोडावयास लावलें. त्यांच्या अध्यापनाविषयीं मात्र त्या आरोपांत एक अक्षरहि नव्हतें. सेवानिवृत्ति अवघ्या कांहीं महिन्यांवर आली होती. ते अलाहाबाद उच्च न्यायालयांत गेले. १ एप्रिल रोजीं न्यायालयानें निलंबनास स्थगिति दिली. ७ एप्रिल रोजीं भाड्याच्या खोलींत त्यांचा मृतदेह आढळला.

हा विषय घरांतील मंडळींत निघाला कीं पुष्कळांना संकोच वाटतो, हें आम्ही जाणतों. परंतु येथें प्रश्न कोणाच्या आवडीनिवडीचा नाहीं. शिकविणाराचें शिकविणें सोडून त्याच्या बंद दारामागील आयुष्याचा जाब मालकानें विचारावा काय, हा प्रश्न आहे. आणि आमच्या मतें त्याचें उत्तर नकारार्थीच असलें पाहिजे.

कायद्याचें उत्तर इतकें सरळ नाहीं. दिल्ली उच्च न्यायालयानें २ जुलै २००९ रोजीं सज्ञानांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना दंडविधानाच्या ३७७ व्या कलमांतून वगळलें. सर्वोच्च न्यायालयानें ११ डिसेंबर २०१३ रोजीं तो निर्णय फिरविला. आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं असे संबंध गुन्हा नाहींत असा निर्वाळा दिला. पण गुन्हा नसणें आणि नोकरी सुरक्षित असणें, या दोन निराळ्या गोष्टी होत. राज्यघटनेचीं १४, १५ व १६ हीं कलमें समतेचें आश्वासन देतात, आणि त्यांतील ‘लिंग’ या शब्दांत लैंगिक अभिमुखतेचाहि समावेश होतो, असा अर्थ न्यायालयानें लावला आहे. याचा लाभ सरकारी नोकरास होतो. उत्तर प्रदेशांतील एका होमगार्डास जोडीदाराबरोबरच्या चित्रफितीवरून कामावरून काढलें होतें. फेब्रुवारी २०२१ मध्यें अलाहाबाद उच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द करून त्यास परत घेण्यास सांगितलें.

खासगी मालकाला मात्र हीं कलमें सहसा थेट लागू होत नाहींत. तृतीयपंथी व्यक्तींसाठीं २०१९ चा कायदा आहे व तो खासगी आस्थापनांनाहि बांधतो. पण समलिंगी कर्मचाऱ्यासाठीं तसा स्वतंत्र कायदा झालेला नाहीं. अमेरिकेंत १५ जून २०२० रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९६४ च्या कायद्यांतील ‘लिंग’ याच शब्दाच्या आधारें समलिंगी नोकरांना संरक्षण दिलें. शब्द तोच, पण तेथें तो खासगी मालकांस बांधणाऱ्या कायद्यांत होता, आणि आपल्याकडे तो मुख्यतः सरकारास बांधणाऱ्या घटनेंत आहे. सारा फरक एवढ्यांतच आला.

हा फरक मोठ्या शहरांपुरताच आहे असें कोणीं समजूं नये. हिंगोली जिल्ह्यांतील गोरेगाव घ्या. अशा गांवीं कुजबूज सकाळीं निघाली तर सायंकाळीं ती पंचक्रोशींत पोंचते. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षकावर असा प्रसंग आला, तर त्यास घटनेचा आधार आहे. खात्यांतील अपील आटोपल्यावर छत्रपति संभाजीनगर येथील खंडपीठाकडे दाद मागतां येते. मान्यताप्राप्त खासगी शाळेंतील शिक्षकाचा आधार निराळा. त्याच्यासाठीं १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आहे. बडतर्फीचा हुकूम हातीं पडल्यापासून तीस दिवसांच्या आंत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करतां येतें. हे तीस दिवस फार मोलाचे असतात, कारण घाबरलेला मनुष्य पहिले पंधरा दिवस तोंड लपविण्यांतच घालवितो.

याहूनहि मोठा धोका राजीनाम्याचा. “बोभाटा नको, तुम्हीच सही करून मोकळे व्हा,” असें गोड बोलून सांगणारे संस्थाचालक कमी नाहींत. सही केली कीं बडतर्फीचा हुकूमच उरत नाहीं, मग अपील कशाविरुद्ध करणार? राजीनामा दोन प्रतींत, तारीख घालून, एक प्रत रजिस्टर टपालानें पाठवावी व दुसरी आपल्याजवळ ठेवावी, असें त्याच कायद्यांत सांगितलें आहे. तेव्हां टेबलावर पुढें सारलेल्या कागदावर सही करण्याचें मुळींच कारण नाहीं. जें कांहीं सांगावयाचें तें लेखी द्या, एवढेंच नम्रपणें म्हणावें, आणि त्याच दिवशीं वकील गांठावा.

पेढीवरील मुनीम किंवा दुकानांतील नोकर यांच्याजवळ यांतलें फारच थोडें आहे. मालकानें कारण न देतां उद्यांपासून येऊं नका म्हटलें, तर थकलेला पगार मागतां येईल. पण काढण्याचें खरें कारण हेंच होतें, असें म्हणून दाद मागण्यासाठीं त्याला आज कोणताहि स्वतंत्र कायदा दाखवितां येत नाहीं.