साथीचे गणित

‘डॉक्टर, कोरोनात संगणकाने सांगितलेले आकडे खरे कुठे ठरले?’ असे पुष्कळ जण मला विचारतात. त्यासाठी संगणक नेमके काय करतो, ते समजून घेऊ.

हे गणित संगणकाहून जुने आहे. १९०५-०६ मध्ये मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, याच्या नोंदी होत्या. त्या आकड्यांशी ताडून १९२७ साली एडिंबरोच्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी आपले गणित मांडले. मॅकेंड्रिक हे भारतात नोकरी केलेले डॉक्टर होते. त्यांनी समाजाचे तीन गट केले: लागण होऊ शकेल असे, आजारी, आणि बरे झालेले किंवा मरण पावलेले. रोज एका गटातून दुसऱ्या गटात किती जण जातात, एवढाच हिशेब! त्यातून दिसले की साथ ओसरण्यासाठी सर्वांनाच लागण व्हावी लागत नाही. लागण होऊ शकणारे पुरेसे कमी झाले की ती विझते.

आज संगणक याच हिशेबात शाळा, बाजार, प्रवास, लसीकरण हे सारे धरतो. पण ही कुंडली नव्हे. ‘असे वागलात तर असे होईल,’ एवढेच तो सांगतो. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार मृत्यूंचा अंदाज दिला, तो ‘काहीच उपाय केले नाहीत तर’ या अटीवर. लोक घरी थांबले, टाळेबंदी झाली. म्हणजे अटच बदलली.

आता आपल्या घरातले उदाहरण. गोवराचा एक रुग्ण, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना आजार देतो. त्या १८ पैकी १७ जण सुरक्षित असतील, तर एकालाच लागण होईल आणि साथ वाढणार नाही. म्हणूनच शंभरातील ९५ जणांना संरक्षण हवे, असे आम्ही म्हणतो. हे प्रमाण घसरले की काय होते, ते २०२२ साली मुंबई, भिवंडी, मालेगावात दिसले. तेथे बालके दगावली.

तेव्हा बाळाचे लसीकरण कार्ड आजच काढून पाहा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत व दुसरा १६ ते २४ महिन्यांत व्हायला हवा. राहिला असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात जा. गणितातील तो सतरावा माणूस आपलेच मूल असू शकते.