बाळंतिणीजवळ जाण्याआधी

एक तपकिरी मोजा, एक पांढरा मोजा, थोडा कापूस आणि सुई-दोरा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९३ मध्ये स्तनपान समुपदेशनाचा ४० तासांचा अभ्यासक्रम तयार केला, त्यात प्रशिक्षकासाठी सांगितलेल्या साहित्यात हे मोजेही आहेत. तपकिरी मोज्यात कापूस भरून, टोकाशी टाके घालून बाहेरून दिसणारा स्तन करायचा. पांढऱ्यावर आतल्या दुधाच्या ग्रंथी आणि नळ्या काढायच्या. सोबत एक बाहुली. एवढ्या भांडवलावर शिकणाऱ्या मुलीला समजतं की बाळानं नुसतं बोंड तोंडात घेऊन चालत नाही, भोवतालचा काळसर भागही तोंडात जावा लागतो.

आता या मोज्याची महागडी भावंडंही आली आहेत. नॉर्वेची लेर्डाल ही मूळची खेळणी बनवणारी कंपनी. कृत्रिम श्वास शिकवणारी तिची ‘अ‍ॅन’ ही बाहुली १९६० मध्ये आली. त्याच कंपनीनं पुढे अंगावर बांधता येणारं स्तनांचं मॉडेल काढलं. ते एका विद्यार्थिनीनं घालायचं, हातात बाहुली घ्यायची आणि दुसरीसमोर ‘आई’ होऊन बसायचं.

बाहुलीवर सुईणपण शिकवण्याची कल्पना मात्र जुनी आहे. फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाच्या सुईणीला १७५९ मध्ये पंधराव्या लुईनं खेड्यापाड्यांतल्या बायकांना बाळंतपण शिकवण्याची सनद दिली. तिनं कापड आणि चामडं वापरून बाईचं धड आणि बाळ तयार केलं आणि ते घेऊन ती वर्षानुवर्षं देशभर फिरली. त्यातला एक नमुना रूआँच्या संग्रहालयात आजही आहे.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. आई आणि बाळ, दूध पाजणं तर आपोआपच येतं! आम्हाला हे पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. पण जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजलेली मुलं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे आई दवाखान्यापर्यंत पोहोचते, तिथे नर्स असते, डॉक्टर असतात, आणि तरी तो तास हातचा जातो. पूर्वी घरात नानी, खाला, दाई बाळंतिणीच्या उशाशी असत. आता त्या वॉर्डाच्या दाराबाहेर बसतात. आत जी ड्युटीवर असेल, तिच्या हाताला काय शिकवलंय, यावर बरंच ठरतं.

मग ते हात कसे तयार करायचे? चांगल्या वर्गात आधी बाहुली धरायला शिकवतात. बाळाचं डोकं आणि अंग एका रेषेत, तोंड स्तनाकडे, पोट आईच्या पोटाला, आणि आधार नुसत्या मानेला न देता सगळ्या अंगाला. मग पाहायचं ते तोंड. ते मोठं उघडलेलं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळसर भाग वरच्या बाजूला जास्त, खाली कमी दिसायला हवा. हे पाठ करून परीक्षेत सगळ्याच लिहितात. समोर बसलेल्या ‘आई’ची पकड चुकलीय हे दुरून ओळखणं आणि तिच्या हातातून बाळ हिसकावून न घेता ते सुधारणं, ही निराळी गोष्ट. हातानं दूध काढण्याचंही तसंच. अंगठा आणि बोटं काळसर भागाच्या कडेशी ठेवून आधी छातीकडे दाबायचं, मग चिमटीत घ्यायचं. कातडीवरून बोटं घासायची नाहीत. मॉडेलवर हे वीस वेळा चुकवता येतं. टाके दुखत असलेल्या बाईवर एकदाही चुकवू नये.

सगळ्यात अवघड धडा बोलण्याचा. त्यासाठी एक मुलगी आई होते, दुसरी सासू. सासू म्हणते, “हिला दूधच येत नाही. डब्याचं आणा.” शिकाऊ नर्सनं काय म्हणायचं? त्या अभ्यासक्रमात निवाडा करणारे शब्द टाळायला शिकवतात: बरोबर, चूक, पुरेसं, नीट. “दूध पुरतंय का?” असं विचारलं की घाबरलेली आई मान हलवून ‘नाही’ म्हणते. “बाळाचं पिणं कसं चाललंय?” असं विचारलं की ती बोलू लागते. मग सांगता येतं की पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतं ते चहाच्या चमच्याएवढं, आणि तो घट्ट पिवळसर चीक म्हणजेच त्याचं पूर्ण जेवण. दूध भरून यायला दोन-चार दिवस लागतात. सिझेरियन झालं असेल तर कधी थोडे जास्तच.

आपल्या घरांतला एक प्रसंग या सरावात असायला हवा, असं आम्हाला वाटतं. नानी तहनीकसाठी खजूर घेऊन उभी आहे आणि तिच्या पिशवीत मधाची बाटलीही आहे. नर्सनं तिच्यावर खेकसलं तर नानी दुखावते आणि नर्सची पाठ वळताच मध चाटवते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. हे अदबीनं, कारण देऊन सांगणं आणि तहनीकच्या गडबडीत बाळाला छातीशी लावणं लांबू न देणं, हे बोलूनच जमतं. सूरह बकरामध्ये दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे हे घरातल्या थोरांना ठाऊक असतंच. तो धागा धरला तर थोर मंडळी नर्सच्या बाजूनं उभी राहतात.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. सहा शिकाऊ मुलींनी एका बाळंतिणीचा पडदा सरकवून आळीपाळीनं हात लावून शिकायचं, हे कुठल्याही बाईला नकोसं वाटतं. पर्द्यात वाढलेल्या आमच्या बहिणी तर अंग चोरून घेतात आणि मदतही नाकारतात. पहिल्या चुका मॉडेलवर झाल्या तर बाईपाशी एकच मुलगी जाते, आधी विचारून जाते.

बाहुलीच्या मर्यादाही आहेत. ती भुकेनं हात चोखत नाही, तोंड वळवून स्तन शोधत नाही, पाच मिनिटांत झोपून जात नाही. दुधानं दगड झालेला स्तन कापसाच्या मोज्यावर कळत नाही, आणि रात्री तीन वाजता रडणारी आई वर्गात कुणी हुबेहूब करू शकत नाही. म्हणून प्रयोगशाळेतल्या तासांनंतर अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली वॉर्डात काम हवंच. केवळ मॉडेल विकत घेऊन कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या संस्थेपेक्षा रोज मोजे वापरणारी संस्था बरी.

२०१८ मध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात आधीच नर्स असलेल्यांना १८ महिन्यांचं खास प्रशिक्षण देऊन मिडवाइफ घडवण्याची योजना आहे. अशा मुली प्रत्येक गावी पोहोचायला वेळ लागेल. तोवर सुनेचं किंवा मुलीचं नाव दवाखान्यात नोंदवताना घरच्यांनी थोडं विचारून ठेवावं: बाळ लगेच छातीशी देता का? सिझेरियन झालं तर पहिल्यांदा पाजायला कोण मदत करेल, रात्रपाळीलाही कोणी असेल का? आणि बाळ ओढू शकलं नाही, तर काढलेलं दूध वाटी-चमच्यानं किंवा पळीनं पाजायला शिकवाल, की सरळ बाटली हातात द्याल?