मन खचलेल्या माणसासाठी आयुर्वेदात नेमके काय आहे?

घरात कुणाचे मन खचले की सल्ले लगेच सुरू होतात. पहाटे ऊठ, कांदा-लसूण सोड, चार दिवस उपास कर, पोट साफ ठेव, अश्वगंधा सुरू कर. सांगणाऱ्याच्या पोटात माया असते आणि बोलण्याला आधार म्हणून आयुर्वेदाचे नाव असते. पण चरकसंहिता किंवा वाग्भटाचे अष्टांगहृदय उघडून पाहिले, तर तिथला उपदेश या सल्ल्यांपेक्षा कितीतरी सावध आहे आणि समोरच्या माणसाची ताकद ओळखून केलेला आहे. दिनचर्येने आणि नीट आहाराने उदासी हलकी व्हायला खरोखर मदत होते. म्हणूनच त्यांच्या नावाखाली जे चुकीचे सांगितले जाते ते बाजूला काढायला हवे. त्या सांगण्यापायी आधीच थकलेला माणूस स्वतःलाच दोष देऊ लागतो.

‘हा काही आजार नाही, मनाचे चोचले आहेत’

चरकाने वाताच्या ऐंशी विकारांची यादी दिली आहे. त्यात विषाद आहे. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात कोणती गोष्ट कोणत्या कामात सर्वांत प्रबळ, याची लांबलचक यादी आहे. तिथे रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला पहिले स्थान दिले आहे. उपचाराचे तीन प्रकार सांगताना त्यातला एक, सत्त्वावजय, चरकाने मनासाठीच राखून ठेवला. घातक विषयांपासून मनाला मागे वळवणे हा त्याचा गाभा. एखाद्या ग्रंथाने मनाच्या दुखण्याला याहून अधिक मान कसा द्यावा?

आजची आकडेवारीही हेच सांगते. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की दर वीस प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात केव्हा तरी नैराश्याचा आजार होतो, आणि अशा शंभरातल्या पंच्याऐंशी जणांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नसतात.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. परीक्षेत अपयश आले, कुणी गेले, नोकरी सुटली, म्हणून काही दिवस मन उतरणे हे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन काळवंडलेले असेल, आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, ‘माझा काही उपयोग नाही’ असे वाटत असेल, तर तो आजार असू शकतो. पहिल्या परिस्थितीत दिनचर्या बरेच काम करते. दुसऱ्या परिस्थितीत ती उपचारांच्या जोडीने चालते, त्यांच्या जागी नाही.

‘ब्राह्म मुहूर्तावर उठले की मन आपोआप ताजे होते’

सूर्योदयाच्या सुमारे 96 मिनिटे आधी सुरू होणारा आणि 48 मिनिटांचा हा काळ. अष्टांगहृदयाच्या दुसऱ्या अध्यायात, म्हणजे दिनचर्येच्या अध्यायात, या वेळी उठायला सांगितले आहे ते निरोगी माणसाला, आपल्या आयुष्याचे रक्षण व्हावे म्हणून. आजारी माणसावर ती सक्ती नाही.

आणि नैराश्याचे एक ठळक लक्षणच असे की पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही आणि दिवसातली ही वेळ सगळ्यांत जड जाते. अशा माणसाला ‘बरे झाले, लवकर उठतोस, आता ध्यानाला बस’ असे म्हणणे म्हणजे आजाराचे लक्षण साधनेत मोजणे. त्याला हवी असते ती झोप. चरकाने आहार आणि ब्रह्मचर्याबरोबर निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानले आणि माणसाचे सुखदुःख झोपेवर अवलंबून आहे असे स्पष्ट लिहिले. दिवसा झोपू नये हा नियम सर्वांना पाठ असतो, पण त्याला जोडलेले अपवाद फारसे कुणी सांगत नाही. शोकाने, भीतीने किंवा क्रोधाने थकलेल्या माणसाला चरकाने दुपारच्या झोपेची मुभा दिली आहे. हे वाचले तेव्हा मला या ग्रंथाबद्दल फार आपुलकी वाटली.

मग दिनचर्येतून घ्यायचे काय? रोज ठरावीक वेळी उठणे, मग ती वेळ साडेसहाची असो नाही तर सातची. उठल्यावर थोड्या वेळात उजेडात जाणे. गॅलरीत, अंगणात, कुठेही चालेल. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ लागते आणि रात्रीची झोप तिथूनच सुधारू लागते. त्यानंतर चालणे. व्यायाम अर्ध्या ताकदीनेच करावा, असे वाग्भटाने बजावले आहे. दमछाक होईपर्यंत नव्हे. 2024 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 218 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चौदा हजारांहून अधिक लोकांची माहिती होती, आणि चालणे किंवा धावणे, योगासने आणि वजने घेऊन केलेला व्यायाम या तिन्हींनी नैराश्य कमी झाल्याचे दिसले. आयुर्वेद आणि आजचे संशोधन इतक्या जवळ येण्याचे प्रसंग थोडे असतात.

अभ्यंगाचेही असेच. आपल्याकडे ते दिवाळीच्या पहाटेपुरते उरले आहे. ग्रंथात मात्र ते रोजचे आहे आणि डोके, कान आणि तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावे असे म्हटले आहे. रात्री झोपण्यापूर्वी तळपायांना कोमट तिळाचे तेल चोळायला पाच मिनिटे लागतात. अंघोळ करण्याचेही त्राण नसलेल्या माणसाला एवढे जमते, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला ते त्याच्यासाठी करता येते. याने नैराश्य बरे होत नाही. पण शरीर सैलावते, झोपेची तयारी होते आणि कुणीतरी आपल्याला मायेने हात लावला हे त्या माणसापर्यंत पोहोचते.

‘कांदा-लसूण आणि मांस सोडा, सात्त्विक खा, उदासी जाईल’

आहाराची सात्त्विक, राजस, तामस अशी प्रसिद्ध विभागणी येते ती भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात. तो साधकाचा मार्ग आहे आणि त्याचा आदर आहेच. वैद्यकाचे ग्रंथ मात्र अन्नाकडे रस, गुण, पचन आणि खाणाऱ्याची प्रकृती या अंगांनी पाहतात. वाग्भटाने रसायनांत, म्हणजे बळ वाढवणाऱ्या औषधांत, लसणाचा समावेश केला आहे. काश्यपसंहितेत तर लसणावर स्वतंत्र अध्याय आहे. मांसाला चरकाने शरीर भरून काढणाऱ्या पदार्थांत अग्रस्थान दिले. त्याच चरकाने उन्मादाच्या प्रकरणात मद्यमांसापासून दूर राहणाऱ्या, हितकर खाणाऱ्या संयमी माणसाला तो विकार होत नाही असेही सांगितले आहे. म्हणजे सरसकट एकच नियम इथे नाही. कोकणातल्या माणसाचे मन उतरले असताना त्याच्या ताटातली मासळी काढून घेतली, तर जे थोडेफार चवीने खाल्ले जात होते तेही बंद होईल.

उपासाबद्दल मला अधिक काळजी वाटते. उदासीत भूक आधीच मेलेली असते. विषाद हा वाताचा विकार, आणि लंघनाने, जागरणाने वात वाढतो हे आयुर्वेदाचे प्राथमिक सूत्र. तेव्हा खंगत चाललेल्या माणसाला लागोपाठ उपास करायला लावणे किंवा ‘डिटॉक्स’ म्हणून जुलाबाची औषधे देणे, हे त्या शास्त्राच्याही विरुद्ध जाते. पंचकर्मातले शोधन रोग्याचे बळ तपासूनच द्यायचे असते.

मग त्याच्या ताटात काय असावे? गरम, ताजे, ओळखीचे आणि पचायला हलके. मुगाची खिचडी आणि वर तूप, मेतकूट-भात, ताकाची कढी, नाचणीची आंबील, ज्वारीची भाकरी आणि पातळ भाजी, एखादे फळ, मूठभर शेंगदाणे. मांसाहारी असेल तर अंडे, मासळीचे सार. खूप खाता येत नसेल तर थोडे थोडे, पण वेळ चुकवू नये. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्माइल्स’ चाचणीत नैराश्याच्या 67 रुग्णांपैकी काहींना बारा आठवडे आहारतज्ज्ञांनी भाज्या, फळे, डाळी, अख्खी धान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेल यांवर भर असलेला आहार शिकवला. इतरांना तेवढाच वेळ सोबत आणि गप्पा मिळाल्या. आहार बदललेल्यांपैकी 32 टक्के आजारातून बाहेर आले, सोबतीच्या गटातले 8 टक्के. चाचणी लहान होती आणि बहुतेकांचे इतर उपचारही चालू होते, म्हणून तिच्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण रोजचे साधे घरचे जेवण नियमाने पोटात जाणे ही किरकोळ गोष्ट नाही, एवढे तिच्यावरून नक्की म्हणता येते.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ब-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाही. दूध-दह्यातून थोडे मिळते. त्याच्या कमतरतेने थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसराळूपणा वाढतो आणि मनही उतरते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता अधिक दिसते. थायरॉइडचे काम मंदावले किंवा रक्त कमी झाले तरी चित्र असेच दिसू शकते. तेव्हा कितीही सात्त्विक खाऊन उदासी हटत नसेल तर आधी एक रक्ततपासणी करून घ्यावी.

‘सगळे पोटातून येते’

आजकाल या समजाला विज्ञानाची झालर लागली आहे: आनंदाचे रसायन सेरोटोनिन नव्वद टक्के आतड्यात तयार होते, म्हणून पोट साफ की मन प्रसन्न. पहिला भाग खरा आहे. पण आतड्यातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपले स्वतः बनवतो. केळी खाऊन मेंदूतले सेरोटोनिन वाढत नाही ते यामुळेच. पोट आणि मन यांचे नाते आहे, पण ते दोन्ही बाजूंनी आहे. चिंता, शोक, भय, राग, वाईट अंथरूण किंवा जागरण असेल तर योग्य प्रमाणात खाल्लेले पथ्याचे अन्नही पचत नाही, असे चरकाने विमानस्थानात सांगितले आहे. उदास माणसाचे बिघडलेले पोट पुष्कळदा उदासीचा परिणाम असते. त्यासाठी रोज रेचक घेण्याने काहीच साधत नाही.

‘वनस्पतीचे औषध आहे, अपाय होणारच नाही’

याचे सर्वांत बोलके उत्तर सर्पगंधेच्या इतिहासात आहे. या मुळीचा वापर आपल्याकडे फार जुना. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली तिच्या गुणांवर लेख लिहिला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावर तिचा उपयोग मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. रक्तदाब उतरत होता, पण काही रुग्णांचे मन मात्र खोल खचत गेल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. रिसर्पिन मेंदूतले सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांचे साठे रिकामे करते हे पुढे कळले, आणि नैराश्यात मेंदूच्या रसायनांचा वाटा असतो या विचाराला त्यातूनच चालना मिळाली. असे किती जणांना होते यावर नंतर वाद झाले, तरी नैराश्याच्या रुग्णाला रिसर्पिन देऊ नये ही सूचना राहिली. ज्या मुळीने जगाला एवढे शिकवले, तिला निरुपद्रवी म्हणणे हा तिच्या शक्तीचाच अपमान आहे.

अश्वगंधेवर ताण आणि झोपेसंदर्भात काही आशादायक, पण लहान चाचण्या झाल्या आहेत. त्याच वेळी ती घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ती थायरॉइडचे संप्रेरक वाढवू शकते आणि गरोदरपणात टाळावी लागते. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. भस्मे आणि रसकल्प, म्हणजे धातू आणि पारा वापरून केलेली औषधे, यांच्याबाबत तर जास्तच दक्षता हवी: बोस्टनमधल्या संशोधकांनी इंटरनेटवरून विकत घेतलेली 193 आयुर्वेदिक उत्पादने तपासली, त्यांतल्या सुमारे एक पंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ते संशोधन 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घ्यायचेच तर पदवीधर, नोंदणीकृत वैद्याकडून घ्यावे. जाहिरात पाहून किंवा शेजाऱ्यांच्या डबीतून घेऊ नये.

‘आयुर्वेद सुरू केला, आता त्या गोळ्या बंद’

यातून होणारे नुकसान सर्वांत मोठे, आणि ते टाळता येते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. त्या एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, झोपमोड, चिडचिड होऊ शकते आणि आजार उलटण्याची भीती असते. दारूची लागते तशी त्यांची चटक लागत नाही. निम्हान्ससारख्या संस्थेत आज आयुर्वेद, योग आणि आधुनिक मनोविकारशास्त्र एका छपराखाली काम करतात. रुग्णाला एकाची निवड करून दुसऱ्याला नाकारायला लागत नाही. मात्र वैद्यांना गोळ्यांची आणि डॉक्टरांना काढ्या-चूर्णांची पूर्ण यादी दाखवावी. झोपेच्या गोळीबरोबर अश्वगंधेने गुंगी वाढू शकते, हे दोघांनाही माहीत असायला हवे.

मरणाचे विचार येत असतील, जेवणपाणी सुटले असेल, कुणी नसताना आवाज ऐकू येत असतील, तर दिनचर्येची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

उपचार लागू पडू लागले की बहुधा झोप आणि भूक आधी सुधारते; मनाला त्याहून वेळ लागतो. त्या मधल्या काळात घरच्यांनी ‘आता तर जेवतोस, मग हसत का नाहीस?’ असे विचारू नये. आणि मन पूर्ण सावरल्यावरही गोळ्या साधारण सहा महिने किंवा अधिक काळ चालू ठेवायच्या असतात. कधी आणि कशा कमी करायच्या ते डॉक्टर ठरवतात. तोवर साडेसहाचे उठणे, सकाळचे चालणे आणि रात्रीचे वरण-भात-तूप चालूच राहू द्यावे.