फाइल डिस्क्रिप्टरचा आकडा आणि त्यामागची फाइल

एकाच प्रोसेसमध्ये शेकडो थ्रेड चालवायचे आणि त्यांना आलटूनपालटून चालवण्याची व्यवस्था कर्नलकडे न सोपवता लायब्ररीनेच पाहायची, ही कल्पना जुनी आहे. फ्रीबीएसडीची लिबसी-आर आणि जीएनयू पीटीएच या त्या वाटेवरच्या जुन्या लायब्रऱ्या. गो भाषेतले गोरुटीन आणि २०२३ साली जावा २१ मध्ये पक्के झालेले व्हर्च्युअल थ्रेड हे त्यांचेच आजचे वंशज. मधल्या काळात तंत्र बरंच पुढे गेलं. फाइल डिस्क्रिप्टरबद्दलचे, म्हणजे उघडलेल्या फाइलला किंवा सॉकेटला मिळणाऱ्या क्रमांकाबद्दलचे, गैरसमज मात्र अजून तसेच ऐकू येतात.

गैरसमज : एका वेळी एकच थ्रेड चालतो, म्हणून डिस्क्रिप्टरवरून गोंधळ होऊच शकत नाही.

सगळ्यात महागात पडणारा समज हाच. तीन थ्रेड घेऊन पाहा. पहिला ७ क्रमांकाच्या सॉकेटवर डेटा येण्याची वाट पाहतो. लायब्ररी त्याला रांगेत झोपवते आणि दुसऱ्याला चालवते. दुसरा ७ बंद करतो. तिसरा एक नवी फाइल उघडतो. मोकळ्या क्रमांकांपैकी सर्वांत लहान क्रमांक द्यायचा, हा पॉसिक्सचा नियम आहे, त्यामुळे तिसऱ्याला ७च मिळू शकतो. कोणता डिस्क्रिप्टर तयार आहे हे सिलेक्ट या सिस्टिम कॉलने विचारणारी लायब्ररी पुढच्या फेरीत पुन्हा ७ची चौकशी करते, ‘तयार आहे’ असं उत्तर येतं आणि पहिला थ्रेड जागा होऊन तिसऱ्याच्या फाइलमधून वाचायला लागतो. यात कुठेही दोन थ्रेड एकाच क्षणी चालले नाहीत, कुठलीही एरर आली नाही. वाचण्याऐवजी लिहायचं असतं, तर दुसऱ्याच कुणाची फाइल खराब झाली असती. सिलेक्टऐवजी लिनक्सचं ईपोल वापरलं तर बहुधा उलटं होतं: बंद झालेला ७ त्याच्या पाळतीच्या यादीतून गळतो आणि पहिला थ्रेड झोपलेलाच राहतो.

एसटीतल्या १२ नंबरच्या सीटसाठी डबा पाठवावा आणि तोवर त्या सीटवर दुसराच प्रवासी बसलेला असावा, तसं हे आहे. डिस्क्रिप्टर हा फक्त प्रोसेसच्या तक्त्यातला क्रमांक. त्या क्रमांकावर आत्ता कोण आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आकड्यांच्या या फेरवापराने डेटाबेसही खराब झाले आहेत. एखाद्या प्रोग्रामने स्टँडर्ड एरर, म्हणजे क्रमांक २, बंद केला आणि नंतर डेटाबेसची फाइल त्याच क्रमांकावर उघडली गेली, तर एररचा संदेश थेट डेटाबेसमध्ये लिहिला जातो. म्हणूनच २०१३ सालच्या ३.८.१ आवृत्तीपासून एसक्यूलाइट आपल्या डेटाबेससाठी ०, १ आणि २ हे क्रमांक घेतच नाही.

उपाय लायब्ररीनेच करायला हवा. प्रत्येक डिस्क्रिप्टरमागे तिने स्वतःची नोंद ठेवावी: सध्या किती थ्रेड तो वापरत आहेत, कोण वाट पाहत आहे, बंद करण्याची मागणी आली आहे का. मागणी आली की नवे वापर नाकारायचे, वाट पाहणाऱ्यांना एरर देऊन उठवायचं आणि शेवटचा वापरकर्ता बाहेर पडल्यावरच कर्नलच्या क्लोजला हात लावायचा. गोचा रनटाइम असंच मोजतो. जावाच्या नेटवर्क लायब्ररीतली युक्ती मला फार आवडते: ड्युप२ वापरून ती त्याच क्रमांकावर एक निकामी सॉकेट बसवते. सगळे थ्रेड बाहेर पडेपर्यंत तो क्रमांक अडलेला राहतो, दुसऱ्याला मिळत नाही.

गैरसमज : डिस्क्रिप्टर नॉन-ब्लॉकिंग केला, तर तो बदल आपल्यापुरताच राहतो.

राहत नाही. एक्झेकच्या वेळी बंद होण्याची खूण त्या-त्या डिस्क्रिप्टरची स्वतःची असते. नॉन-ब्लॉकिंगची खूण मात्र कर्नलमधल्या उघड्या फाइलच्या नोंदीवर असते आणि ड्युप किंवा फोर्क केल्यावर ती नोंद सामाईक होते. शेलकडून वारशाने आलेलं टर्मिनल तुमच्या लायब्ररीने नॉन-ब्लॉकिंग केलं, की शेललाही आणि पाइपलाइनमधल्या शेजारच्या प्रोग्रामलाही ते तसंच दिसतं. ‘नंतर पुन्हा प्रयत्न कर’ ही एरर हाताळायला तो प्रोग्राम शिकलेला नसेल, तर त्याचं आउटपुट अर्धवट राहतं. बाहेर पडताना जुनी स्थिती परत करायची, हे लिबसी-आरलाही सांभाळावं लागे. पण किल -९ आला तर परत कोण करणार? माझ्या मते वारशाने आलेल्या ०, १, २ ला हात न लावणं बरं.

आणखी एक खाच: लिनक्सवर ॲक्सेप्टमधून मिळालेला नवा सॉकेट मूळ सॉकेटची नॉन-ब्लॉकिंग खूण घेत नाही, बीएसडीवर घेतो. म्हणून ती दर वेळी स्पष्टपणे लावावी.

गैरसमज : पोलने ‘तयार’ म्हटलं की रीड अडकणार नाही.

लिनक्सवर असं होऊ शकतं: यूडीपी पाकीट आल्याची वर्दी मिळते, मग चेकसम चुकल्याने ते पाकीट टाकून दिलं जातं आणि ब्लॉकिंग रीड अडकून बसतो. त्याच्यासोबत लायब्ररी चालवत असलेले सगळे (युजर-लेव्हल) थ्रेड थांबतात. डिस्कवरच्या साध्या फाइलसाठी तर ही चौकशीच निरर्थक आहे. पोल तिला कायम तयार म्हणतो, नॉन-ब्लॉकिंगचा तिच्यावर परिणाम होत नाही आणि ईपोल तिला यादीत घेतच नाही. असं काम वेगळ्या कर्नल थ्रेडकडे द्यावं लागतं. लिबयूव्ही ही लायब्ररी त्यासाठी डीफॉल्टने ४ थ्रेड ठेवते.

गैरसमज : क्लोज सिग्नलमुळे मध्येच तुटला, तर पुन्हा बोलवावा.

रीडच्या बाबतीत ही सवय योग्य आहे. पण लिनक्सवर क्लोजने एरर दिली तरी क्रमांक तोवर मोकळा झालेला असतो. दुसऱ्यांदा क्लोज केला, तर मधल्या काळात तो क्रमांक मिळालेल्या थ्रेडची फाइल बंद होते. एचपी-यूएक्सवर मात्र याच्या उलट, डिस्क्रिप्टर उघडाच राहतो. त्यामुळे हा निर्णय लायब्ररीने प्रत्येक सिस्टिमसाठी एकाच ठिकाणी लिहून ठेवावा, वापरणाऱ्यावर सोडू नये.