विश्रांतीच्या दिवशी भाजीच्या बेटावर
उजनीकाठच्या शेतकरी दांपत्याची जर्मनीतील सायकलफेरी

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या तीन देशांच्या मध्ये कॉन्स्टन्स नावाचं मोठं सरोवर आहे. त्याच्या कडेकडेने पूर्ण वळसा घालणारा सायकलमार्ग सुमारे २६० किलोमीटरचा. उजनीच्या फुगवट्याकाठचं एक भाजीउत्पादक दांपत्य मे २०२४ मध्ये या मार्गावर सायकल चालवून आलं. लेक-जावई नोकरीनिमित्त स्टुटगार्टला, त्यांनीच बोलावून घेतलं. त्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्यात गेलेली, रान मोकळंच पडलेलं, म्हणून जाणं जमलं. नाव छापू नका एवढीच त्यांची अट असल्याने इथे त्यांना काका-काकूच म्हणतो.

सायकली भाड्याच्या, सामान मागे बांधलेलं, रोज तीस-पस्तीस किलोमीटर. वाट बरीचशी सफरचंदाच्या बागांतून आणि शेतरस्त्यांवरून जाते. त्याच रस्त्याने ट्रॅक्टर येतो, तेव्हा सायकलवाले कडेला थांबतात. चार दिवसांनी कॉन्स्टन्स शहरात मुक्काम पडला आणि पाचवा दिवस विश्रांतीचा ठरला. लेक-जावई पाय चोळत बसले. काकू म्हणाल्या, "रानातल्या माणसाला बसून करमतंय व्हय?" सामान खोलीवर ठेवून दोघं राइखेनाऊ बेटाकडे निघाले. हे बेट भाजीपाल्याचं, असं लेकीनं सांगितलं होतं.

थंडीनं द्राक्षं गेली, भाजी आली

शहरापासून बेट आठ-दहा किलोमीटरवर. पाण्यातून जाणारा मातीचा भराव १८३८ साली घातलेला, दोन्ही बाजूंना पॉपलरची उंच झाडं. बेट साडेचार किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद, क्षेत्र जेमतेम ४३० हेक्टर. इथला ख्रिस्ती मठ इ.स. ७२४ मधला. २००० साली बेटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. काकूंचं लक्ष मात्र काचगृहांकडे. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, सॅलडचे वाफे, सगळं एका ओळीत.

पूर्वी या बेटावर द्राक्षबागा होत्या. १९२८-२९ च्या कडाक्याच्या थंडीत बहुतेक वेली गेल्या आणि भाजीपाल्यानं त्यांची जागा घेतली. हे कळल्यावर काका तिथेच सायकल लावून उभे राहिले. त्यांची स्वतःची द्राक्षबाग गारपिटीत गेली होती. "म्हणजे पीक बदलायची पाळी आपल्यावरच येती असं नाही," ते म्हणाले.

शेतं लहान, घरच्या माणसांनी चालवलेली. तरी बेटावरचा बहुतेक माल एकाच सहकारी संस्थेमार्फत, एकाच नावानं बाजारात जातो. "आपल्याकडं शेजारी-शेजारी काकडी, अन् चौघांचे आडते चार," काका म्हणाले. रस्त्याकडेला एका मांडणीवर भाजी ठेवलेली, भावाची पाटी आणि पैशाचा डबा. विकणारं कुणी नाही. काकूंनी दोन काकड्या घेतल्या आणि नाणी दोनदा मोजून डब्यात टाकली.

पाणी कुणाचं, हिशेब कुणाचा

या शेतीला पाणी सरोवराचंच. सरोवराच्या जर्मन काठावर झिप्लिंगेन इथे ६० मीटर खोलीवरून पिण्याचं पाणी उचलतात. ते स्टुटगार्टसह सुमारे ४० लाख लोकांना जातं. आदल्या आठवड्यात लेकीच्या घरी आपण हेच पाणी प्यालो, हे ऐकून दोघांना नवल वाटलं. आपलं उजनीचं पाणी सोलापूर पितं, तसंच हे.

पण हे पाणी एके काळी बिघडलं होतं. सांडपाणी, कपडे धुण्याची पावडर आणि शेतातून वाहून येणारं खत यामुळे स्फुरद वाढला, शेवाळ माजलं. १९५९ मध्ये काठावरच्या राज्यांनी व देशांनी मिळून आयोग नेमला. गावोगावचं सांडपाणी शुद्ध होऊ लागलं, पावडरीतल्या स्फुरदावर मर्यादा आली. १९८० च्या सुमारास सरोवराच्या मोठ्या भागात दर घनमीटर पाण्यात ८० मिलिग्रॅमहून जास्त स्फुरद होता, आज तो १० च्या खाली आहे. या कामाला पंचवीस-तीस वर्षं लागली.

शेतकऱ्यालाही नियम आहेत. खत टाकण्याआधी पिकाची गरज काढावी लागते, टाकलेल्याची नोंद ठेवावी लागते, पाण्याच्या कडेला अंतर सोडावं लागतं. सगळेच खूश आहेत असंही नाही. पाणी इतकं निवळलं की माशांना खाद्य कमी पडतं, अशी तिथल्या मच्छीमारांची तक्रार आहे. बाहेरून आलेल्या शिंपल्यांनीही त्रास वाढवला आहे. सरोवराच्या मोठ्या भागात एका प्रमुख जातीच्या मासेमारीवर २०२४ पासून तीन वर्षांची बंदी आली.

आपल्या काठावर

परत आल्यावर काकूंनी मला रोखठोक विचारलं, "साहेब, वरून शहराची घाण येती, जलपर्णी आमच्या मोटारीच्या तोंडाला. मग आम्हीच का सुधरायचं?" प्रश्न रास्त आहे. तिथेही सर्वात मोठा फरक सांडपाणी शुद्ध केल्यानंच पडला. तेव्हा शहरांकडे ही मागणी लावून धरलीच पाहिजे. पण मागणी करताना आपला हिशेबही स्वच्छ हवा. शिवाय वाहून गेलेलं खत हे आपल्याच खिशातलं असतं.

म्हणून फुगवट्याकाठच्या शेतकरी बंधू-भगिनींनी एवढं करावं. लागवडीआधी माती परीक्षण करून घ्यावं. खताची मात्रा एकदम न टाकता ठिबकमधून हप्त्या-हप्त्यानं द्यावी. पाण्याच्या कडेला गवताचा पट्टा राखावा आणि फवारणीचा पंप तलावात धुऊ नये. सरपंच व ग्रामसेवकांनी गटाराचं पाणी थेट फुगवट्यात न सोडता शोषखड्डे, परसबागा यांकडे वळवावं. काका-काकूंनी यंदा पाण्यालगतच्या चार ओळी सोडून तिथे चाऱ्याचं गवत लावलं आहे. चार ओळी काकडी कमी झाली, पण दोन म्हशींची वैरण घरचीच निघते. बघायचं असेल त्यांनी माझ्याकडे यावं, प्लॉटवर घेऊन जाईन.