दानिशकडून किती मागायचं?

आठवतंय, फेब्रुवारी २०२५, जामठा? केरळविरुद्ध रणजीची फायनल, विदर्भ ३ बाद २४. तिथून एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारनं करुण नायरसोबत २१५ धावा जोडल्या. त्याच्या एकट्याच्या १५३, अन् करंडक नागपुरातच राहिला. तोही पहिल्याच रणजी मोसमात! ऑगस्टमध्ये दुलीप करंडकातल्या पहिल्या मॅचलाही २०३.

आता मुंबई इंडियन्सनं त्याला ३० लाखांत घेतलंय. तुमच्या ग्रुपवर ‘आपला भाऊ ओपनिंगलेच येते, पाय बे’ सुरू झालंच असेल.

जरा दम धरा. रोहित, रिकल्टन, डी कॉक, सूर्या, तिलक... जागा आहे कुठे? इम्पॅक्ट प्लेअर धरूनही बाराच जण खेळतात. शिवाय जामठ्याला तो दिवसभर टिकला. इथे वीस ओव्हरमध्ये खेळ खल्लास. मला विचाराल तर दोन-तीन मॅच मिळाल्या तरी पुष्कळ. नेट्समध्ये बुमराहला खेळायला मिळालं, तर ती कमाई ३० लाखांहून मोठी.

अन् पहिल्याच मॅचला शून्यावर गेला, तर पहिला मीम आपल्या नागपूरच्याच ग्रुपवरून निघेल, माहीत आहे. मी तरी फॉरवर्ड करणार नाही.