पावसाळ्यात जीपचा धंदा करताय? टायर फोटो बघून घेऊ नका



मे महिना संपत आला की माझ्या दुकानात एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. पंचविशीतला पोरगा, जुनी बोलेरो किंवा थार नुकतीच घेतलेली, आणि मोबाईलवर चिखलात लोळणाऱ्या जीपचा फोटो. "सर, असले टायर टाका." धंदा काय करणार? तर आधी भंडारदऱ्याला काजवे बघायला येणारे, आणि मग पाऊस लागला की रतनवाडी, साम्रद, घाटघर फिरायला येणारे पर्यटक. धंदा चांगला आहे. टायर चुकीचा आहे.

फोटोतला तो टायर म्हणजे एमटी, मड टेरेन. खरं सांगतो, तो विकला तर मला पैसे जास्त सुटतात. तरी दहातल्या आठ जणांना मी तो देत नाही.

वही घ्या आणि तुमच्या फेरीचे किलोमीटर लिहा. समजा राजूरहून शेंडी, तिथून धरणाला वळसा आणि परत, अशी दिवसाला ८० किलोमीटर गाडी फिरते. त्यात खरा चिखल किती? पार्किंगसाठी दिलेलं शेत, धबधब्याकडे जाणारा मुरमाचा फाटा, एखादी कच्ची वाट. प्रामाणिकपणे मोजलं तर चार-पाच किलोमीटर. उरलेलं सगळं डांबर, तेही खड्ड्यांचं आणि भिजलेलं. म्हणजे तुमचा टायर कमाई करणार ओल्या डांबरावर, आणि अचानक ब्रेक मारायची वेळ येणार तीही तिथेच.

एमटीचे ठोकळे मोठे आणि मधल्या खाचा रुंद असतात. चिखल त्या खाचांत शिरतो आणि चाक फिरताना बाहेर फेकला जातो, म्हणून पकड राहते. पण त्याच रुंद खाचांमुळे डांबराला टेकणारं रबर कमी होतं. शिवाय ओल्या रस्त्यावर पकड द्यायला ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा लागतात. एमटीवर त्या फार थोड्या असतात, काही टायरवर तर नसतातच. त्यामुळे ओल्या डांबरावर ब्रेक मारला की गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. धंद्याच्या सुरुवातीला मी स्वतःच्या गाडीला हौसेने एमटी घातले होते. पहिल्या पावसात घाटातल्या एका वळणावर समोर एसटी आली. ब्रेक मारला आणि गाडी सरळ घसरत जाऊन डोंगराकडच्या गटारात चाक अडकून थांबली. मागे मामा आणि दोन मामेभाऊ बसले होते. बाजू डोंगराची होती म्हणून हे लिहायला बसलोय. पहिला पाऊस सगळ्यात वाईट, हे तेव्हा कळलं. उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून रस्त्यावर साबणासारखा थर होतो. आणि काजव्यांची गर्दी बरोबर त्याच दिवसांत असते, त्यात गाड्या रात्रीच्या!

मग घ्यायचा कोणता? बहुतेकांना एटी, म्हणजे ऑल टेरेन. खाचा मध्यम, चिरा भरपूर, मुरूम आणि हलका चिखल निघतो, डांबरावरही भरवसा. फेरी पूर्ण डांबराचीच असेल तर कंपनीने दिलेला साधा एचटी, म्हणजे हायवे टेरेन, चालेल. टायरवर 'एम प्लस एस' लिहिलेलं दिसलं म्हणून भुलू नका. तो कंपनीचा स्वतःचा दावा असतो, त्यासाठी पकडीची कुठली परीक्षा पास व्हावी लागत नाही.

आपल्या नगरकरांना जाड नक्षीचं आकर्षण जरा जास्तच. लष्कराच्या गाड्या रोज नजरेसमोर असतात ना! पण त्यांचं काम के. के. रेंजच्या मातीत आहे, तुमचं नाही.

आता माती. जिल्हा एक, पण पाऊस आणि जमीन एक नाही. घाटघरला हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, नगर शहरात सहाशेच्या आसपास. अकोल्याच्या डोंगराळ भागात मुरूम आणि शेवाळलेला कातळ भेटतो, तिथे एटी पुरतो. नेवासा, शेवगाव, राहुरीकडची काळी माती वेगळीच. ती पाणी पिऊन फुगते आणि टायरला गोळ्यासारखी चिकटते. खाचा एकदा भरल्या की एमटी काय आणि गुळगुळीत टायर काय, सारखंच. खाच मोकळी करायला चाक जोरात फिरवावं लागतं, आणि माणसं भरलेल्या गाडीत ते करायचं नसतं. ओल्या काळ्या मातीत गाडी घालूच नका. डांबरावर थांबवा, पुढे चालत न्या. अडकलात तर ट्रॅक्टरवाला मागेल तेवढे पैसे द्यावे लागतात, आणि त्या दिवसाची कमाई तिथेच जाते.

पैशाचं गणितही बघा. आकडे उदाहरणाचे आहेत, आजचे भाव तुमच्या दुकानदाराकडून घ्या. चार एटी ४०,००० रुपयांना आणि चालले ४५,००० किलोमीटर, तर किलोमीटरला ८९ पैसे. चार एमटी ५२,००० रुपयांना आणि चालले ३०,००० किलोमीटर, तर १ रुपया ७३ पैसे. फरक ८४ पैशांचा. रोज ८० किलोमीटर, हंगामाचे १०० दिवस, म्हणजे पावणेसात हजारांच्या आसपास फक्त नक्षीच्या हौसेवर गेले. एमटी डिझेल जास्त पितो ते वेगळंच. भाव विचारताना एक लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. कोटेशन त्यानंतरचंच धरा.

माप बदलू नका. बोलेरोला २१५/७५ आर १५ असेल तर तेच. मोठा टायर घातला की स्पीडोमीटर चुकतो, ब्रेकवर ताण येतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला प्रश्न विचारायला जागा मिळते. पांढऱ्या नंबरप्लेटवर भाडं मारणाऱ्यांनी तर टायरच्या आधी परमिटचं बघावं. त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करतो.

घेताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. 'स्वस्तात देतो' म्हटलं की हमखास जुना माल असतो. रिमोल्ड तर माणसं वाहणाऱ्या गाडीला घाटात नकोच.

कायद्याने चारचाकीच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते. खाचेतल्या छोट्या उंचवट्याला टायर टेकला की ती मर्यादा आली. पण पावसात मी ३ मिलिमीटरलाच बदला म्हणतो, कारण त्याखाली खाचांना पाणी झपाट्याने बाहेर टाकता येत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. बजेटमुळे दोनच नवे घेत असाल तर ते मागे टाका. बरेच दुकानदार पुढे टाकतात. पण मागची पकड सुटली की गाडी गोल फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. फोर बाय फोर असेल तर मात्र चारही सारखेच घ्या.

हवेचं सगळ्यात सोपं, तरी तेच कोणी करत नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो. सकाळी टायर थंड असताना तेवढी भरा. चिखलाच्या तुकड्यात थोडी कमी केली तर पकड वाढते, पण डांबरावर यायच्या आधी परत भरायचीच. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवा. पर्यटक फोटो काढेपर्यंत चारही टायर भरून होतात.